एस्किलच्या रायफलीचा बोल्ट

मी रागनफ्रिड नेसवोल, कै. आसबियर्न नेसवोल यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार रेंदालेन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात दुसरं कोणी उरलेलंही नाही. याआधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं आहे, ते रद्द समजावं.

कलम १. मला माझा मुलगा एस्किल याच्या शेजारी पुरावं. दगडावर नाव पुरे. नंतरच्या जेवणात एल्कचं, म्हणजे आपल्या जंगलातल्या मोठ्या हरणाचं, मटण ठेवू नये. त्याच्या मरणापासून अकरा वर्षं मी ते तोंडाला लावलेलं नाही.

कलम २. नवऱ्याची जुनी माउझर रायफल विकावी. जो कोणी घेईल त्याने दस्त्याच्या पॉलिशला भुलू नये. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा, काढून नळीतून उजेडाकडे बघावं. आत काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असते. चापामागे दस्ता तडकलाय का, ते नखाने चाचपावं. मग रिकामी रायफल ताणून, सेफ्टी लावून, बूड लाकडी जमिनीवर आपटावं. आतून टक् असा आवाज आला, म्हणजे चाप न ओढताच घोडा सुटला, तर राम राम करून घरी जावं. जुन्या रायफलीला नवा निळा रंग दिसला, तर केस रंगवलेल्या नवरदेवासारखं तिचं खरं वय विचारावं. आणि सगळ्यात आधी नंबर बघावेत, एक नळीमागच्या लोखंडी सांगाड्यावरचा, एक बोल्टवरचा. ते जुळत नसतील तर बंदुकीच्या कारागिराने मापून होकार दिल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. ही आसबियर्नची शिकवण. तो जिवंत असता तर पुढचं कलम लिहावं लागलं नसतं.

कलम ३. एस्किलची क्रॅग रायफल, म्हणजे तिचं जे उरलं आहे ते, पलंगाखालच्या पेटीत आहे. ती त्याने माझा दीर एम्ब्रेट नेसवोल याच्याकडून विकत घेतली. एम्ब्रेटकडे एकसारख्या दोन क्रॅग होत्या. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बंदुका कपाटात आणि बोल्ट वेगळ्या कुलपात. एम्ब्रेटचे दोन्ही बोल्ट एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच लोकरी मोज्यात असत. विक्रीच्या आधी त्याने दोन्ही रायफली साफ केल्या, तेल दिलं, आणि मोज्यात हात घालून जो बोल्ट लागला तो बसवला. बसला. दिसायला दोन्ही सारखेच.

एस्किल नंबर बघायला वाकला तेव्हा मी तिथेच कॉफी ओतत होते. एम्ब्रेट म्हणाला, "अरे, सख्खा काका विकतोय आणि तू नंबर कसले बघतोस? बायको बघायला आलायस का?" सगळे हसले. एस्किलही हसला आणि सरळ उभा राहिला.

दुसऱ्या रायफलीचा बोल्ट असला की काडतुसामागे फट राहू शकते. फट राहिली की काडतुसाची पितळी पुंगळी मागून फाटते, आणि जे पुढे जायचं ते मागे येतं. शिकारीच्या पहिल्या सकाळी, पहिल्याच गोळीला, लोखंडाचा तुकडा माझ्या मुलाच्या उजव्या डोळ्यातून आत गेला.

गावभर झालं की एस्किलने घरी काडतुसं भरली आणि दारू जास्त घातली. हे एम्ब्रेटने पसरवलं. एस्किलने आयुष्यात काडतूस भरलं नाही. कारखान्याचा डबा, एक कमी असलेला, त्याच पेटीत आहे. पोलिसांकडून रायफल परत मिळाली तेव्हा मी चष्मा लावून दोन्ही नंबर वाचले. ते वेगळे होते. मी एम्ब्रेटला सांगितलं, तुझं कपाट उघड, दुसऱ्या रायफलीत माझ्या मुलाचा बोल्ट असेल. तो म्हणाला, "वहिनी, क्रॅगचे बोल्ट सगळे सारखेच." कपाट उघडलं नाही. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. मला त्याचा राग आहे. मेल्यावरही तो राहील असं धरून चालावं.

कलम ४. एस्किलला पहिली विकली त्याच्या आधीच एम्ब्रेटची नजर अधू झाली होती, तेव्हापासून ती दुसरी रायफल पडून होती. या उन्हाळ्यात त्याची नात मालफ्रिड शिकारीची परीक्षा पास झाली, आणि त्याने ती तिला दिली. परवा शिकार सुरू होते. मी पोरीला गाठून सांगितलं. ती मायेने म्हणाली, "आजी, आजोबांनी तिनेच जन्मभर एल्क मारले. तू उगाच जिवाला लावून घेतेस." त्याने शेवटचे एल्क मारले ते बोल्ट बदलण्याआधी, हे तिला कोण पटवणार? ती रायफल फुटेलच असं मी म्हणत नाही. मापल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

कलम ५. घर, जंगलाचा तुकडा आणि बँकेतली शिल्लक हे सगळं मी जुन्या मृत्युपत्रात मालफ्रिडला दिलं होतं. लहानपणी ती याच ओट्यावर बसून माझ्या हातची लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, खायची. आता तिला काही देता येत नाही. साक्षीदाराला आणि त्याच्या मुलानातवंडांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे, आणि साक्षीदार म्हणून मी एम्ब्रेटला बोलावलं आहे. या खोऱ्यात साक्षीला बोलावलं तर वैरीही नाही म्हणत नाही. माझ्या टेबलाशी त्याला बसवून हे ऐकवायचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. म्हणून घर विकून पैसे नेमबाजी मंडळाला द्यावेत; त्यातून दर वर्षी शिकारीआधी खोऱ्यातली प्रत्येक जुनी रायफल कारागिराकडून फुकट मापून घ्यावी.

सह्यांपूर्वीची नोंद. शेजारीण ओडनी बेरसेट हिने वरचा मजकूर मोठ्याने वाचला.  तो संपल्यावर एम्ब्रेटने गळ्यातली बोल्टच्या ड्रॉवरची किल्ली काढली आणि बाहेर गाडीत थांबलेल्या मालफ्रिडला हाक मारून घरी पिटाळलं. ती मोजा घेऊन आली. मी एस्किलची रायफल टेबलावर ठेवली आणि एम्ब्रेटला भिंग दिलं. मोज्यातल्या बोल्टवरचे आणि रायफलीवरचे आकडे त्याने स्वतः वाचले, बोट ठेवून, पुन्हा पुन्हा.

"आजोबा, काय झालं?" मालफ्रिडने विचारलं.

"हा तुझा नाही," तो म्हणाला. "हा एस्किलचा आहे."

पोरगी भिंतीला टेकून खाली बसली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

ओडनी म्हणाली, "रागनफ्रिड, झालं ना काम? आता साक्षीला दुसरं कोणीतरी बोलव. घर पोरीला राहू दे."

मलाही तेच वाटत होतं. तसं मी म्हणालेही. एम्ब्रेटने नकारार्थी मान हलवली.

"वहिनी, गावाला सांगायला माझी जीभ उचलायची नाही. इथे सही केली की सगळ्यांना वाचता येईल. पेन दे."

मी मालफ्रिडकडे बघितलं. ती म्हणाली, "दे आजी."

स्थळ: रेंदालेन. दिनांक: २३ सप्टेंबर २०१९.

मृत्युपत्र करणार: रागनफ्रिड नेसवोल (सही)

आम्ही दोघांनी, एकाच वेळी हजर राहून, तिला स्वखुशीने आणि शुद्धीत सही करताना पाहिलं.

साक्षीदार: ओडनी बेरसेट (सही)

साक्षीदार: एम्ब्रेट नेसवोल (सही)
सहीखाली, त्याच्याच अक्षरात: कलम तीन खरं आहे. काडतूस कारखान्याचंच होतं.