कलर घेऊ का मोनो

सक्करदरा, नागपूर

प्रिय अंकुश,

तू म्हणशील, ताईनं फोन सोडून पत्र काहून लिहिलं? अरे, तुला फोन लावला की तुझे जिजाजी शेजारी येऊन बसतात आणि कान देऊन ऐकतात. त्यांच्यासमोर त्यांच्याचबद्दल बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून ते आंघोळीला गेले की चार ओळी लिहिते आणि कागद कणकेच्या डब्यामागे ठेवून देते.

मागच्या महिन्यात तू त्यांच्यावर चिडलास. मला तुझा राग नाही आला. दुर्बिणीला नवा कॅमेरा कलर घेऊ का मोनो, हे एकच एक कोणी रोज विचारलं तर देवही वैतागेल. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, अंकुश थकलेला वाटला वं आज, त्याले त्रास नको देऊ. चहा झाला, कप मी विसळून ठेवले, तर म्हणतात, अंकुशले फोन लाव ना, कॅमेऱ्याचं विचारायचं राहिलं. आता तुला खरं सांगते. त्यांना विसरण्याचा आजार झाला आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं. जुनं पक्कं आहे, नवं टिकत नाही, आणि पुढे जुनंही जाणार. तुला कळवलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होऊन बसेल असं वाटायचं. वेडीच आहे मी.

तुम्हा साळ्या-जवायाची काय हौस होती रे! मौद्याकडे थर्मल वीजकेंद्राचे दिवे आड येतात म्हणून रामटेकच्या बाजूला धानाच्या बांधावर दुर्बीण लावायची, आणि मी गाडीत बसून मच्छर मारायचे. तेजोमेघाचा लाल रंग नीट यावा म्हणून तुम्ही जुन्या कॅमेऱ्याच्या आतली लाल अडवणारी काच काढून आणलीत, आणि त्याच कॅमेऱ्यानं माझ्या नणंदेच्या, गार्गीच्या लेकीचं बारसं टिपलंत. सगळं गणगोत लालभडक! सासूबाई म्हणाल्या, हे बारसं आहे का होळी? तेव्हा मी तुम्हा दोघांना किती बोलले होते. आता तेच फोटो काढून बघत बसते.

तर कॅमेरा मीच मागवला. त्यांचं मन आधीपासून मोनोवर, म्हणजे कृष्णधवलवर होतं, तुला माहीत आहे. बारीक तपशील त्यातच येतो, हे मला त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालंय. पण मोनोला एकेक रंगाचा फिल्टर लावून वेगवेगळे फोटो घ्यावे लागतात, कोणता झाला नि कोणता राहिला हे ध्यानात ठेवावं लागतं. ते कोण ठेवणार? म्हणून कलर घेतला, आतून थंड राहणारा, आपल्या नागपुरात दुसरा टिकतो कुठे? त्यांच्या वतीनं मी घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तो घेताना मला फार रडू आलं.

खोकं उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास. दोन दिवसांनी शेजाऱ्यांची गाडी घेऊन रामटेककडे गेलो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. तुमची रीत आहे ना, आधी झाकण लावून काही काळे फोटो घ्यायचे, मग कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके त्यावरून वजा करायचे. त्यांनी ते घेतले. झाले की पुन्हा घेतले. मग पुन्हा. झाकण निघालंच नाही. शीळ घालत होते रे, किती महिन्यांनी! मला टोकवलं नाही. शेवटी लॅपटॉपवर सगळं काळं बघून म्हणाले, आभाळ भरून आलं होतं वाटते. मी म्हटलं, हो, भरून आलं होतं.

सकाळी विचारतात, हा कॅमेरा कोणाचा? आणि स्वतःच म्हणाले, अंकुशचा असंल, विसरून गेला तो. झालं! तेव्हापासून तो कॅमेरा माझ्या चांगल्या शालीत गुंडाळून कपाटात. हात लावू देत नाहीत. म्हणतात, जवायानं सासरची वस्तू दाबून ठेवली असं लोक म्हणतीन. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. लग्नात बाबांनी दिलेली अंगठीसुद्धा त्यांनी पाया पडून परत केली होती. आपल्या घरून, मौद्याहून मी तांदूळ आणले तरी यांचं तोंड वाकडं. मी पावती दाखवली, तर स्वतःचं नाव वाचून घाबरले. अंकुशनं माझ्या नावावर काहून घेतला, असं पुन्हा पुन्हा विचारू लागले. मी पावती फाडून टाकली. पण हा हिवाळा गेला अंकुश, तर पुढच्या हिवाळ्यात त्यांना दुर्बीण लावता येईल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. कॅमेरा घरात आहे, आभाळ मोकळं आहे, आणि हा माणूस नुसता खिडकीशी उभा राहतो.

म्हणून तुझ्याकडे मागणं मागते. यंदा भाऊबीजेला काही करून ये. मी कॅमेरा आधीच काढून कोपऱ्यावर तुझ्या हातात देईन. मी ओवाळलं की तो माझ्या ताटात टाक, आणि त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हण, ताई, ही तुझी ओवाळणी. भावानं बहिणीला दिलेलं परत करा म्हणायची त्यांची छाती नाही. जवायाला दिलं तरच त्यांचा मान जातो. मग मी म्हणेन, माझा कॅमेरा आहे, मला फोटो काढून द्या. दुसऱ्या दिवशी ते विसरतील, हे मला कळतं. विसरू दे. तू चार दिवसांची रजा घेऊन ये, मी तुला रोज सकाळी ओवाळीन.

तुझीच,
सरिताताई