राजदीप बसला काऊन नाई

मार्कंडा, दि. १२ जानेवारी २०२५

चि. राजदीप यास आजीचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन काऊन नाई केला म्हणशील. मले कमी आयकू येते, स्पीकर लावा लागते, अन् स्पीकर लावला का सारी आळी जमते. मले जे पुसायचं हाये ते आळीसमोर पुसण्यासारखं नाई. म्हून साक्षरता वर्गात शिकलेलं वाकडंतिकडं अक्षर घेऊन बसली.

आलापल्लीची दीपिका पाहून आलो, तवापासून माह्या पायाले भिंगरी लागली. काय पोट्टी हाये! पोहे असे मोकळे का एकेक दाणा मोजावा. वांग्याची भाजीही... जाऊ दे, भाजीचं मागून सांगीन. पण तू तिथी बसला काऊन नाई? सतरंजी टाकली, खुर्ची देली, तरी तू खांबाले टेकून उभा. गाडीत बसून पाय आकडले म्हणे. आता तिकडून निरोप आला का पोराच्या मनात नाई. पोरगी पाहायले आलेला पोट्टा त्या घरी टेकला नाई म्हंजे त्याच्या मनात दुसरी हाये, असंच समजतात लोक. समजणारच.

मीही डोळे मिटून नाई बसत. नाटकाले तू खुर्चीचं तिकीट काढलं अन् मागं उभा रायला. पालथा झोपते. चड्डी सोताच धुते, ते बी कोंबडा आरवायच्या आधी. शेजारची बुधरी म्हणे, गाडीवाल्या पोट्ट्यायले घाण रोग लागतात. तुह्या तोंडात माती पडो म्हटलं तिले. पण काटा रुतला तो रुतलाच.

खरं लिहजो. पोहे आठवून माया ठेवजो.
तुही आजी, कांता

*

एटापल्ली, दि. २० जानेवारी २०२५

ती. आजीस, सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं, मग घाम आला. दुसरी कोणी नाही आणि घाण रोगही नाही. कमरेच्या खाली, माकडहाडापाशी, नासूर झाला आहे. सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावर दिवसभर टिप्परमध्ये बसायचं, घाम, धूळ, दणके. तिथले केस कातडीत घुसतात आणि आत पू धरतो. दोनदा चिरून पू काढला. दोन्ही वेळा बरं वाटलं आणि परत फुटलं. कपड्याला डाग लागतात, म्हणून मीच धुतो.

चंद्रपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं, नुसतं चिरून भागायचं नाही. आतली सारी वाट कापून काढायची आणि बाजूची कातडी सरकवून झाकायचं, म्हणजे टाके मधल्या खाचेत येत नाहीत. तरी काहींना काही वर्षांनी परत होतं, असंही तेच म्हणाले. मग कापून घेऊ कशाला? शिवाय कितीतरी दिवस गाडीवर बसता येणार नाही. तोवर माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर येईल.

लग्न होईपर्यंत आलापल्लीला कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ. बुधरीबाईला तर अजिबात नाही. तब्येतीला जप, आणि रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा राजदीप

*

मार्कंडा, दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीप यास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुही शपथ मोडली. जित्ता हायेस ना? मंग झालं.

आधी मले त्या डॉक्टरचाच संशय आला. दोनदा चिरल्यावर तिसऱ्यांदा काऊन? पण लपवून लगीन करणाऱ्या नातवाचा संशय त्याहून मोठा. एसटीत बसली अन् आलापल्ली गाठली. आष्टीले गाडी लय वेळ थांबली, तिथी एक बाई भेटली, तिचा जावई... ते जाऊ दे.

दीपिकाच्या बापाले, प्रफुलभाऊले, म्हटलं, पोट्ट्याच्या मनात दुसरी नाई, त्याच्या ढुंगणावर नासूर हाये. भाऊ असे हसले का चहा सांडला. म्हणे, मले तवाच शंका आली होती, पण घरात माहं कोण आयकते! त्यायनं जन्मभर वनखात्याची जीप चालवली. त्यायलेही हेच. पहिलं ऑपरेशन साधं झालं, काही वर्षांनी परत फुटलं. मंग तू लिहलं तसं बाजूच्या कातडीचं केलं, तवापासून कोरडं हाये. पण बायको अजून तिथले केस काढून देते, अन् एकदा तिनं कंटाळा केला तर परत सुजलं होतं.

पोट्टी मात्र चिडली. दुसरी हाये समजून मी रडून रायली, अन् हे निघालं ढुंगण, म्हणे! रोग चालन, लपवणारा नाई चालत म्हणे. तू सोता येऊन तोंडानं सांगशील, तवाच साक्षगंधाचं, लग्नाचं बोलणं. ऑपरेशन करते का नाई, हेही तिथीच सांगजो.

जाजो. शपथ मोडणारीवरही माया असू दे.
तुही आजी

*

चंद्रपूर, दि. १४ मार्च २०२५

ती. आजीस, सा. जयभीम. वि. वि.

आलापल्लीला गेलो होतो. दीपिकासमोर उभ्यानंच सारं सांगितलं. नोकरीची भीती सांगितली, परत होऊ शकतं तेही. ती म्हणाली, बाबांचं परत झालं तेव्हा आईनं काय त्यांना वैनगंगेत टाकलं का?

परवा ऑपरेशन झालं. पालथा पडून लिहितो आहे. जागेवर दुसरा ड्रायव्हर आला, मुकादमानं दोन महिन्यांनी ये म्हटलं आहे. घेतो की नाही ते पाहू. दीपिका आणि प्रफुलकाका भेटून गेले. परत होणार नाही असं लिहून द्या, असं तिनं डॉक्टरांना बजावलं. तसं कोणीच लिहून देत नाही म्हणाले ते. काळजी घ्यायची आणि बघत राहायचं.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा राजदीप

*

मार्कंडा, दि. ९ नोव्हेंबर २०२६

सौ. दीपिका हिले आजीसासूचा जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

राजदीपचं पत्र आलं. टाके कुठी होते ते आता समजतही नाई, गाडीवरून मधी मधी उतरतो, सारं ठीक हाये म्हणते. माहा नाई भरोसा. आधीही सारं ठीकच म्हणत होता. अन् ती जागा त्याले सोताले दिसते तरी कुठी? तू पाह्य, अन् तू लिहजो. केस काढाले कंटाळू नको, तुह्या आईसारखं होईन.

अन् लाजला तर सांगजो, ह्या घरात ती जागा पहिल्यांदा मीच धुतली, तवा त्यानं मलेच भिजवलं होतं.

तुह्या पत्राची वाट पाहून रायली. माया पातळ नको करू.
तुही आजी, कांता