उलटा बसवलेला दांडा

॥ श्री ॥
चामराजपेट, बेंगळुरू
१२ नोव्हेंबर २०२४

चि. महानंदा हिस,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले, मनात नाहीत. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून कागद घेतला.

आई काल दवाखान्यातून घरी आली. शनिवारी निपाणीहून येताना तुमकूर सोडल्यावर ती मागच्या सीटवर आडवी झाली. तिला सर्दी, म्हणून मागच्या काचा बंद. मला वाटलं, झोप लागली. घरासमोर हाका मारल्या तर डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, गाडीतला धूर अंगात भिनलाय, अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. माझी खिडकी उघडी होती म्हणून मी वाचलो.

सायलेन्सरचा पाइप तुझ्या दांड्यानं फोडला. जूनमध्ये किती ऐटीत बसवलास! मागच्या स्प्रिंगा बदलल्यास, बाजारातून मागच्या अ‍ॅक्सलचा वाकडा दांडा आणलास, म्हणालीस की आता पाइपला काही लागणार नाही. पीण्याच्या कारखान्यात लेथ मशीन चालवलं म्हणजे गाडी कळते असं नाही. मुलीच्या हातात गाडी दिली हीच चूक झाली, असं मी सगळ्या पाहुण्यांना सांगितलंय. आईला भेटायला येऊ नकोस.

तुझा भाऊ,
दयानंद

॥ श्री ॥
पीण्या
१५ नोव्हेंबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि. मोठा आहेस म्हणून नमस्कार, नाहीतर एवढाही केला नसता.

आई दवाखान्यात होती आणि मला ते पोस्टानं कळतं? पत्र वाचून मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. वर तूच मला येऊ नकोस म्हणतोस!

तो मोठ्या आवाजाचा जाड सायलेन्सर तुला हवा होता, मला नाही. तो लावल्यापासून रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्यावर मागच्या चाकांमधला अ‍ॅक्सल वर उचलला की त्याचा आडवा दांडा पाइपवर आपटायचा. म्हणून मी दोन रविवार तुझ्या गाडीखाली पाठीवर पडून काढले. दांड्याचा बाक जमिनीकडे ठेवला, तेव्हा पाइपखाली चार बोटं जागा झाली. मागे सिमेंटची सहा पोती टाकून मी ती पुन्हा मोजली, तू चहा पीत उभा होतास.

आता गाडीखाली वाकून बघ. बाक पाइपकडे असेल, तर दांडा कुणीतरी काढून उलटा बसवलाय. तेरा वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही. कोणी हात लावला ते लिही. पाहुण्यांचं नंतर बघू.

महानंदा

चामराजपेट
१८ नोव्हेंबर

चि. महानंदा,
आशीर्वाद. बाक पाइपकडे आहे.

सप्टेंबरमध्ये खालून थोडा आवाज यायला लागला. तू म्हणालीस, दांड्याच्या टोकांचे रबरी बुश बघायला हवेत, गाडी घेऊन ये. मी आलो नाही. दुकानाशेजारच्या गॅरेजात नेली. तिथे त्यांनी विचारलं, हे काम कुणी केलं. बहिणीनं, म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी दांडा काढला, बुश बदलले, पुन्हा चढवला. त्यानंतर ठकठक वाढली. मी रेडिओ मोठा करायचो. तुझ्याकडे यायचं तर ते हसणं आठवायचं, म्हणून टाळत गेलो.

पहिलं पत्र लिहिताना मला शंका होती. तरी लिहिलं. आई रोज विचारते, महानंदा का येत नाही. तुला रजा मिळत नाही, असं सांगितलंय.

दयानंद

॥ श्री ॥
पीण्या
२० नोव्हेंबर

ती. अण्णास,
सा. न. रजा मिळत नाही? खोटं बोलायला निदान माझं नाव तरी घ्यायचं नव्हतंस!

काल तू दुकानात असताना मी घरी येऊन गेले. दोन तास आईचे पाय चेपत बसले. जिना चढताना तिला अजून दम लागतो, हे तू लिहिलं नाहीस. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. ते तुझं काम.

तो फुटका पाइप घेऊन गाडी चालवायची नाही. रविवारी दुसऱ्या गाडीला बांधून पीण्याला आण. मी नवा पाइप आणून ठेवते. जॅक मी लावीन, पण पाना तुझ्या हातात राहील. दांडा तू काढशील आणि तूच सुलटा बसवशील, मी शेजारी पडून बघेन. आईला रिक्षातून आधीच घेऊन येते आणि ज्या पाहुण्यांना तू 'मुलीच्या हातात' म्हणून सांगितलंस, त्यांनाही जेवायला बोलावलंय. जेवण्याआधी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगायचं. रेडिओचंसुद्धा.

माझा राग गेलेला नाही, इतक्यात जाईल असंही वाटत नाही. तो असेपर्यंत येत-जात राहा, अण्णा. गेल्यावरही ये.

तुझीच,
महानंदा