पुढील भागाच्या प्रतीक्षेत

२ फेब्रुवारी

आज प्रातःकाळी साडेदहा वाजता (अस्मादिकांचा प्रातःकाळ तेव्हाच उगवतो) ‘शब्दमार्तंड’ या टोपणनावाने आंतरजालावर सुविख्यात, निदान सुपरिचित, निदान नोंदणीकृत असलेल्या प्रस्तुत लेखकाने दोन बॅगा, एक लॅपटॉप व एक मानेची उशी यांसह नूतन वास्तूत पदार्पण केले. वय वर्षे त्रेपन्न. विमा कार्यालयाच्या अभिलेख विभागातून स्वेच्छानिवृत्त. ध्येय एकच : ज्या कथास्थळावर माझ्या एकोणीस कथा वर्षभर मुमुक्षूंसारख्या तिष्ठत पडल्या आहेत, त्याच्या ‘सर्वाधिक वाचलेले’ या यादीत प्रथम स्थान. सौभाग्यवतींनी सहा महिन्यांची साहित्यिक रजा विनातक्रार मंजूर केली. इतकी विनातक्रार की मन किंचित खट्टू झाले.

खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना सतरा पायऱ्यांचा. अकरावी पायरी कुरकुरते. खिडकीला भक्कम गज. शेजारी लाकूड कापण्याचा कारखाना, त्याची करवत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अखंड वेदघोष करते. मालकीणबाई म्हणाल्या, की आठवड्यात सवय होते. “तिच्यामुळे या घरातलं बाहेर काही ऐकू जात नाही, आणि बाहेरचं घरात येत नाही.”

मालकीणबाई म्हणजे ‘शांत झुळूक’, माझी त्या स्थळावरील एकमेव एकनिष्ठ वाचक. खोली रिकामी असल्याचे त्यांनीच कळवले होते : ‘सर, तुमच्यासारखा वाचक घरात असेल तर लिहायला बळ येईल.’ वाचक! मी लेखक असताना! विनयाचा अतिरेक समजून सोडून दिले.

त्यांचे सासरे, निवृत्त घड्याळजी, माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहतात. अंगणात चाकाच्या खुर्चीत बसले होते. कृश देह, परंतु नजर भिंगातून पाहिल्यासारखी. काय करता, असे विचारले. लेखन, असे मी भारदस्तपणे सांगितले. त्यावर म्हातारा म्हणाला, “अस्सं. मग वाचताही का?” सूनबाईंनी खुर्ची लगबगीने आत वळवली.

५ फेब्रुवारी

प्रचारमोहिमेस प्रारंभ. आप्तांच्या एकतीस सभासदांच्या गटावर प्रत्येक कथेचा दुवा त्रिकाळ पाठवत होतो. आज मेहुण्याने, जो गटाचा स्वयंघोषित चक्रवर्ती आहे, मला हद्दपार केले. सौभाग्यवतींचा दूरध्वनी आला. म्हणाल्या, “अहो, तुम्ही मेलात तरी लिंक पाठवूनच कळवाल. मी आता तुमचं काहीच उघडत नाही, सांगून ठेवते.” ‘रक्ताचे कपाट’ ही कथा ‘सत्यघटना’ असा शिक्का मारून मी पोलिसांच्या संगणकीय तक्रारपेटीतही टाकली होती. तिकडून ताकीद आली : यापुढे आपला मजकूर पाहिला जाणार नाही. अरसिकेषु इत्यादी.

दुपारी घड्याळजींच्या दारावरून जाताना त्यांनी माझ्या मुठीत घडी घातलेला कागद कोंबला. कविता! निवृत्तीनंतर माणसाच्या हाताला कविता फुटतात, हा माझा दीर्घ अनुभव. “छान आहे, लिहीत राहा,” असे म्हणून तो न उघडता ‘नवोदित’ या फडताळात ठेवला.

९ फेब्रुवारी

एक गुपित या वहीपुरते. त्या स्थळावर आपले साहित्य वाचले जावे, तर आधी इतरांच्या साहित्याखाली प्रतिक्रिया द्यावी लागते. मी रोज चाळीस देतो. चाळीस कथा वाचणे हे मर्त्य मानवाचे काम नव्हे. म्हणून मी एकच सर्वगामी वाक्य सिद्ध केले आहे : ‘अवश्य! आपण थांबू नका. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.’ आज संगणक-दुरुस्तीवाल्याने फोनवरून समजावले, की स्थळावर ‘तयार प्रतिसाद’ अशी सोय आहे. आता मी ज्यांचा अनुयायी आहे, त्यांचा भाग प्रकाशित होताच माझे वाक्य आपोआप उमटेल. मला केवळ सूचना येईल, भागाची शेवटची ओळ आणि तिच्याखाली माझी वाहवा.

पहिली सूचना मालकीणबाईंच्या ‘सेवा’ या मालिकेची. भाग बारावा, शेवटची ओळ : ‘बाबांचं संध्याकाळचं जेवण आता बंद करून पाहू का, वाचकहो?’ खाली मी : अवश्य!

कौटुंबिक कादंबरी दिसते. मुखपृष्ठावर हातात हात आहेत. तासाभरात बाई स्वतः चहा घेऊन वर आल्या. डोळे पाणावलेले. “सर, तुम्ही म्हणालात आणि धीर आला हो.” कलावंताचे मन किती हळवे!

१३ फेब्रुवारी

खालून काठीने छतावर, अर्थात माझ्या जमिनीवर, ठोके पडतात. तीन-तीनच्या गटांत. ऐन परिच्छेदात. विसावी कथा ‘शवाचा शालू’ त्यामुळे खोळंबली. मी मालकीणबाईंकडे अत्यंत सौम्य शब्दांत निषेध नोंदवला. त्यांनी मान हलवली.

सायंकाळी सूचना, भाग चौदावा : ‘काठी काढून घेऊ का? वर सरांना त्रास होतो.’ अवश्य! लेखिका आसपासच्या वास्तवातून सामग्री घेतात, हे स्तुत्य. मलाही पात्रत्व लाभले! सविस्तर वाचले पाहिजे, सवडीने. ठोके थांबले आहेत.

१८ फेब्रुवारी

घड्याळजी गेले. डॉक्टर दोन मिनिटे आले, वयोमान आणि अशक्तपणा म्हणाले, आणि सही करून निघाले. मी स्थळावर श्रद्धांजली लिहिली व तिच्या तळाशी माझ्या तीन कथांचे दुवे दिले. एकसष्ट वाचने! विक्रम. मृत्यूला वाचक आहे.

उद्या त्यांची कविता ‘एका घड्याळजीची अप्रकाशित रचना’ म्हणून प्रसिद्ध करावी म्हणतो.

१९ फेब्रुवारी

कागद उघडला.

ती कविता नाही. शिसपेन्सिलीने लिहिले आहे : ‘ही मला उपाशी ठेवते. माझ्या मुलीला फोन करा.’ खाली क्रमांक. तारीख, चार फेब्रुवारी.

त्यानंतर मी ‘सेवा’चे सोळाही भाग वाचले. जन्मात प्रथमच दुसऱ्याचे काही शेवटपर्यंत वाचले. त्यात कल्पित असे काही नाही. आधी दूध बंद. मग दुपारचे जेवण. मग संध्याकाळचे जेवण. मग काठी. मग पाणी, दिवसाला अर्धा पेला. प्रत्येक भागाच्या शेवटी बाई विचारतात, पुढे जाऊ का. त्यांची मनःस्थिती खरोखरच द्विधा झालेली दिसते. नवव्या भागात तर लिहिले आहे, ‘कुणी एकजण जरी नको म्हणालं, तरी मी थांबेन.’

खाली चौऱ्याऐंशी प्रतिक्रिया. अप्रतिम. हृदयस्पर्शी. पुढचा भाग लवकर टाका. सर्वांत वर, प्रत्येक वेळी, मी.

वृद्धाच्या मुलीला फोन करायला हवा. पोलिसांनाही. करीन. परंतु त्याआधी माझ्या प्रतिक्रिया पुसणे अपरिहार्य आहे. त्या कोणी वाचल्या तर माझ्याविषयी काय ग्रह होईल?

२० फेब्रुवारी

दिवसभर पुसत होतो. सोळाच्या सोळा. आता वही आणि लॅपटॉप बॅगेत भरून निघतो. फोन रस्त्यावर गेल्यावर करीन.

२१ फेब्रुवारी

पाय मोडला आहे. घोट्याच्या वर हाड कातडीखाली पुढे आले आहे.

काल अकराव्या पायरीवर तेल होते. मी थेट खाली. मोबाइल हातातून उडाला, तो मालकीणबाईंनी उचलून पदराने पुसला. त्या म्हणाल्या, दुरुस्तीला टाकते. मला काखेत धरून पुन्हा वर आणले. बाईच्या अंगात इतकी शक्ती असेल असे वाटले नव्हते. पण वर्षानुवर्षे एका माणसाला उचलायची सवय आहे त्यांना.

लॅपटॉप मात्र उशाशी ठेवला. “तुमच्या प्रतिक्रियेशिवाय मला लिहायला जमत नाही, सर. तुम्ही सगळ्या पुसून टाकल्यात. फार लागलं मनाला.”

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

लॅपटॉप उघडला. काल सायंकाळची सूचना. नवी मालिका, ‘वरच्या मजल्यावर’, भाग पहिला. शेवटची ओळ : ‘सर निघून जायच्या बेतात आहेत. जिन्यावर तेल सांडू का?’

शब्दमार्तंड : अवश्य! आपण थांबू नका.

२३ फेब्रुवारी

तयार प्रतिसाद बंद करायचा किंवा उमटलेला पुसायचा, तर मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक हवा. मोबाइल खाली आहे. तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा खाली फोन वाजल्याचे ऐकू आले. तिसऱ्यांदा बाई हसल्या असे वाटले.

दुसऱ्या भागाखाली हाताने लिहिले : ‘थांबा. मी खरा आहे. हे सर्व खरे आहे.’ त्याला चाळीस जणांनी पसंती दिली. कोणीतरी लिहिले, ‘भन्नाट! पात्रच कॉमेंट करतंय!’

पोलिसांच्या तक्रारपेटीत लिहिले. उत्तर आपोआप आले : पूर्वीच्या गैरवापरामुळे आपला मजकूर पाहिला जाणार नाही.

सौ.ला लॅपटॉपवरूनच संदेश. ‘मला कोंडले आहे. पत्ता खाली. ये.’

२४ फेब्रुवारी

सौ.चे उत्तर आले. ‘अहो, म्हटलं ना, मी वाचणार नाही. तब्येतीला जपा.’

पुन्हा पाठवला. दुवा नाही, कथा नाही, असे पहिल्याच ओळीत लिहिले. मागच्या महिन्यात ‘रक्ताचे कपाट’ची जाहिरात करतानाही मी नेमके हेच लिहिले होते. संदेश पोचला. उघडला नाही.

२६ फेब्रुवारी

भाग चौथा. पाणी. अर्धा पेला.

कारखान्याची करवत चालू आहे. मी ओरडतो. ती थांबते तेव्हा बाई रेडिओ लावतात. माझा आवाज आता तसाही—

पायाला वास येतो.

२८ फेब्रुवारी

एकच मार्ग उरला. स्थळावर सगळे लिहून काढले. साध्या शब्दांत. शीर्षक, ‘मला वाचवा’. पत्ता. घड्याळजींच्या मुलीचा क्रमांक. त्यांचा कागद जसाच्या तसा. वर ‘सत्यघटना’.

वाचा. कृपा करून वाचा. कोणीतरी एकाने शेवटपर्यंत—

१ मार्च

चार हजार वाचने. मी यादीत पहिला आहे.

प्रतिक्रिया सहाशे बारा. सगळ्या वाचल्या. एकही न सोडता. ‘अप्रतिम.’ ‘सर, लेखणीला सलाम.’ ‘शेवट अजून करुण हवा होता.’ ‘माझीही कथा वाचा, दुवा देत आहे.’ ‘लवकर टाका.’

एकानेही क्रमांक लावलेला नाही. पत्ता तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर कोणी आलेच नाही.

बाई अभिनंदन करायला आल्या. मनापासून. माझ्या कथेमुळे त्यांचीही वाचने दुप्पट झाली म्हणे. पेला आणायला विसरल्या.

३ मार्च

खालच्या छतावर ठोके मारायला माझ्याकडे काठी नाही. उशाशी असलेली वही जमिनीवर आपटून पाहिली. तीन-तीन. खाली कोण आहे ऐकायला.

म्हाताऱ्याने विचारले होते, वाचताही का.

तहान

४ मार्च

भाग सातवा. आत्ता आला. सगळा वाचला. चांगला लिहिला आहे. खोली, पाय, ओठ, सगळे जसे आहे तसे.

शेवटची ओळ : ‘आज शेवट करायचा आहे. मन धजत नाही. त्यांचीच मानेची उशी वापरू का, वाचकहो? कुणी नको म्हणालं तर थांबेन.’

मी ‘नको’ लिहितो आहे. बोटे— अक्षर सापडत नाही. न— पाठवले. गेले. पण ते तळाशी. एकशे नव्वदाव्या क्रमांकावर. वर सगळे अवश्य, अवश्य, अप्रतिम. सर्वांत वर, पहिल्याच क्षणी, माझ्या नावाने—

बाई वरून वाचतात. वरून दोन-तीनच. तेवढ्यावर समाधान होते त्यांचे.

करवत थांबली. रेडिओ लागला.

पायऱ्या. सात. आठ. बाई, खालपर्यंत वाचा, खाली माझे नको आहे, फक्त खालपर्यंत— नऊ. दहा.

कुरकु