म्हशीची वाटणी

केर्किनी तळ्याकाठून,
जानेवारी

प्रिय स्मारो,

पार्सल तसंच राहू दे, आधी पत्र वाच. आणि हात धुतले नसतील तर धुऊन ये, कारण वाचून झाल्यावर तू खोकं उघडणार, आणि त्यात नुसता चरबीत मुरवलेल्या मांसाचा कावुर्मा आणि आकानेसच्या गोड वड्या नाहीत. सेरेसच्या बसस्थानकावर मी त्या पार्सलवाल्याला पुन्हा पुन्हा बजावलं की हे आदळायचं नाही. तो म्हणाला, "काकू, अंडी आहेत का?" मी म्हटलं, "अंडीच समज. फुटली तर तुलाच उबवायला बसवीन." तेव्हा कुठे त्याने खोकं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नीट ठेवलं. चाळीस वर्षं शाळेत कसरतीच्या तासाला मुलींना दोरीवर चढवलं आहे, त्यामुळे माझा आवाज अजून चालतो.

आता तुझा मेसेज. "एव्हान्थिआबाई, नमस्कार. स्वतःसाठी कॅमेरा घेते आहे. हलका हवा. दुसऱ्या कंपनीचा बघून ठेवलाय, शनिवारी घेईन. तुमचं मत कळवलंत तर बरं होईल." मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आठ वर्षं मला 'आई' म्हणणारी, 'अगं आई, सरक ना, फ्रेममध्ये तुझी टोपी येतेय' म्हणून ओरडणारी पोरगी, आणि आता एव्हान्थिआबाई! कळवलंत! बरं, मत विचारलंस तर मत देते. मला लेक नाही, त्यामुळे 'लेकी बोले सुने लागे' करायची सोय नाही. जे बोलायचं ते थेट सुनेलाच.

पहिली गोष्ट, दुकानात हातमोजे घालून जा. दुकानदार हसेल, हसू दे. दुकानात हीटर असतो, दिवे असतात, तिथे कुठलाही कॅमेरा हातात छान बसतो. पण आपण फोटो दुकानात काढत नाही. पहाटे बोटीत बोटं काकडलेली असताना, डोळा पक्ष्यावर असताना, बटण न बघता सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर तो कॅमेरा तुझा नाही, मग त्यात किती का मेगापिक्सेल असेनात. मेगापिक्सेलची पोपटपंची करणाऱ्याला एकच विचार, "बाबा, तू शेवटचा पक्षी कधी पाहिलास?" उंटावरून शेळ्या हाकणारे असतात हे लोक.

दुसरी गोष्ट, हलकेपणा. ही फसवणूक आहे, बाळ. कॅमेऱ्याची बॉडी हलकी घेशील, आणि मग तिच्यावर लांब लेन्स चढवलीस की सगळं पुढे नाक खुपसतं आणि मनगट संध्याकाळपर्यंत ठणकतं. हात दुखतो तो वजनाने कमी आणि तोल गेल्याने जास्त. पैसे घालायचे ते लेन्समध्ये. बॉडी म्हणजे नव्याचे नऊ दिवस, दर दोन-चार वर्षांनी कंपनी नवी काढते आणि जुनीला कोणी विचारत नाही. चांगली लेन्स मात्र माणसाला पुरून उरते. सेकंडहँड घेतलीस तरी चालेल, फक्त मागून टॉर्च मारून काचेच्या आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. चामड्याच्या सुंदर पेटीत, कपाटात, वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या लेन्सलाच ती होते. वापरातल्या, उन्हात फिरणाऱ्या लेन्सला सहसा होत नाही.

तू पहिल्यांदा तळ्यावर आलीस ते आठवतं का? लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. कोरे करकरीत मऊ चामड्याचे बूट घालून आलीस आणि घोट्यापर्यंत चिखलात गेलीस. स्टेर्गिओस गाडीतून उतरलाच नाही, हीटर लावून फुटबॉल ऐकत बसला होता. मला वाटलं, आता ही रडत गाडीत जाईल. तू बूट तिथेच चिखलात सोडलेस, माझ्या पिशवीतले रबरी बूट पायात घातलेस आणि विचारलंस, "यांच्या चोचीखालची पिशवी एवढी लाल कशी?" मी सांगितलं की थंडीत, जोडीदार शोधायच्या दिवसांत, पेलिकनांना असा रंग चढतो. तू म्हणालीस, "तुमच्या मुलाला नाही चढला." मी इतकी हसले की समोरचा सगळा थवा उडाला. त्या सकाळी एकही फोटो मिळाला नाही, पण मला सून मिळाली. तोपर्यंत ती फक्त स्टेर्गिओसची बायको होती.

मग आपण दोघींनी मिळून ती मोठी लेन्स घेतली. अर्धे पैसे माझ्या पेन्शनमधले, अर्धे तुझ्या पगारातले. बोटवाल्या मिनासने पहिल्यांदा उचलून बघितली आणि म्हणाला, "बायांनो, ही लेन्स आहे की म्हैस?" तेव्हापासून ती म्हैसच. आणि घरी आणल्या आणल्या माझ्या बहिणीने, पोलिक्सेनीने काय केलं? नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून 'फ्तू फ्तू फ्तू' केलं. लोक नुसता थुंकल्याचा आवाज करतात, हिने खरंच केलं, थेट समोरच्या काचेवर! आणि मग "अय्या, पुसते हं" म्हणून एप्रनच्या टोकाने पुसलंही. त्या एप्रनला बुगात्साच्या गोड सारणातल्या रव्याचे कण होते. तो बारीक ओरखडा आजही आहे. तू पोलिक्सेनीला बसवून शिकवलंस की आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी, आणि एप्रन कधीच नाही. ती म्हणाली, "एवढे लाड तर मी माझ्या नवऱ्याचेही केले नाहीत." मी म्हटलं, "म्हणून तो कसा ओरखडलाय बघ." त्या ओरखड्यासकट आपण आठ हिवाळे फोटो काढले. सूर्य अगदी समोर असला की तेवढा दिसतो, एरवी एकाही चित्रात आला नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. ऑक्टोबरात नोटरीकडे तुमच्या घटस्फोटाच्या सह्या झाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात तुझी कॅमेऱ्याची बॅग माझ्या दारात आली. चिठ्ठी नाही, काही नाही. लग्नात मी दिलेला कॅमेरा, चार्जर, ट्रायपॉड आणि म्हैससुद्धा. मी एकेक वस्तू टेबलावर मांडली. सेन्सर स्वच्छ. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या. गळ्यातला पट्टासुद्धा धुतलेला. नवऱ्याचं घर सोडताना कोणी पट्टा धुऊन परत करतं का गं? तो पट्टा हातात घेऊन मी रडले. नंतर राग आला. तुझा नाही, त्या धुण्याचा.

आणि मी फोन केला नाही. तुला वाटलं असेल, सासू शेवटी सासूच, मुलाच्या बाजूने गेली. तसं नव्हतं. तळ्यावरच्या थंडीतून घरी आल्यावर आपण काय करतो? कितीही घाई असली तरी कॅमेरा बॅगेतून काढत नाही. चेन बंद, बॅग कोपऱ्यात, आणि शेगडीपासून लांब. लगेच उघडला तर आत दव धरतं आणि सगळं धुरकट होतं. पहिल्या वर्षी तू चोरून चेन उघडायचीस आणि मी तुझ्या हातावर चापट मारायची. तुला माझ्याकडून थोडा वेळ हवा असेल, असं मला वाटलं. म्हणून ख्रिसमस जाऊ दिला. चुकले असेन तर तोंडावर सांग, मी ऐकून घेईन.

घरच्यांचं म्हणशील तर स्टेर्गिओस माझा मुलगा आहे, त्याला मी टाकू शकत नाही, आणि तुम्हा दोघांत काय झालं ते मी विचारणारही नाही. तो म्हणतो, "आई, सोड आता तिला. ती आपली राहिली नाही." पोलिक्सेनी म्हणते, "सून मुलामुळे येते आणि मुलामुळेच जाते. तू कशाला दोरीचं टोक धरून बसलीस?" नवीन वर्षाचा केक कापताना मी नेहमीच्या क्रमाने बोलत गेले, हा ख्रिस्ताचा तुकडा, हा घराचा, हा स्टेर्गिओसचा, हा स्मारोचा. सगळे माझ्या सुरीकडे बघायला लागले. मी सुरी खाली ठेवली नाही. तुझा तुकडा बशीत काढला. शेवटी पोलिक्सेनीनेच तो खाल्ला, दोरीच्या गप्पा मारून तिला भूक लागली असावी. केकात लपवलेलं नशिबाचं नाणं त्यात निघालं नाही, नाहीतर ते तिने ठेवून घेतलं असतं.

गेल्या रविवारी मी एकटीच तळ्यावर गेले. म्हैस मला एकटीला ट्रायपॉडवर चढवता येत नाही, हे तुला माहीत आहे. एकीने धरायची, दुसरीने फिरवून बसवायची, आणि बदलताना वाऱ्याकडे पाठ करून कोणीतरी उभं राहायचं. मिनास मदतीला आला तर त्याच्या हातांना मासळीचं तेल. त्याने बोटीत माझ्यासमोरच्या रिकाम्या फळीकडे बघितलं आणि म्हणाला, "सूनबाई रागावली की काय?" मी म्हटलं, "सूनबाई आता कागदावर सूनबाई नाही." तो म्हणाला, "माझी बोटही कागदावर बोट नाही, तरी तरंगतेच की." चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आपण दोघींनी आठही दिवस त्या फळ्यांवर काढले, पाव आणि कावुर्मा खात, एकमेकींच्या फोटोंना नावं ठेवत. मला तुझी आठवण येते. घरात येत नाही इतकी. तिथे, बोटीत, फार येते. पेलिकन डोक्यावरून गेला आणि मी सवयीने म्हटलं, "घेतलास का गं?" आणि समोर कोणी नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. कॅमेरा स्वतःच्याच पैशाने घे. लग्नातला परत केलास ते मला झोंबलं, पण कळलंही. ज्यावर कोणाचा हक्क नाही असं काहीतरी तुला हवंय. घेच. फक्त घेताना त्याचं तोंड बघ. लेन्स बसते ती चकती, माउंट. दुकानदार हे सगळ्यात शेवटी सांगतात आणि खरं तर हेच सगळ्यात आधी ठरवायचं असतं. एका कंपनीच्या तोंडाला दुसरीची लेन्स धड बसत नाही. म्हणजे कॅमेरा निवडताना माणूस आपण कोणाच्या लेन्स वापरणार आणि आपल्या कोणाला देणार, ते ठरवत असतो. तू दुसऱ्या कंपनीचा का बघितलास ते मला कळलं, स्मारो. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या घरातलं काहीच पुन्हा तुझ्या कॅमेऱ्यावर बसू नये, म्हणून बघितलास.

पण एक गोष्ट तू विसरलीस. तुमच्या कागदांवर घर वाटलं गेलं, गाडी वाटली गेली, मी ऐकलंय की कॉफीचं यंत्रसुद्धा वाटलं गेलं. म्हशीची वाटणी कोणी केली नाही, कारण ती स्टेर्गिओसची कधी नव्हतीच. अर्धी तुझी, अर्धी माझी. आणि दुसरी गोष्ट, तू सगळं परत पाठवलंस, पण मी विणलेले, अंगठा आणि पहिलं बोट उघडं असलेले ते हिरवे हातमोजे बॅगेत नव्हते. मी बॅग तीनदा उलटी करून पाहिली. पट्टा धुणारी मुलगी हातमोजे विसरत नाही. ते तू ठेवून घेतलेस. त्या हातमोज्यांच्या भरवशावर हे सगळं पत्र लिहिलं आहे.

तेव्हा वाटणी मीच करून टाकते. तळं माझ्याकडे, म्हैस तुझ्याकडे. आता खोकं उघड. कावुर्म्याच्या खाली, तुझ्याच जुन्या निळ्या टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे. पोलिक्सेनी शेजारी उभी होती, पण तिला तोंड उघडू दिलं नाही. आता माझ्याकडे नुसता कॅमेरा आहे, जवळचं दाखवणारी छोटी लेन्स आहे, आणि समोर चोची लाल झालेले पेलिकन आहेत. लांबचं काहीच मला टिपता येणार नाही. शनिवारी तू दुकानात जा, हिरवे हातमोजे घालून, आणि तुला हवा तो कॅमेरा घे. दुसऱ्या तोंडाचा घेतलास तर मी एक शब्द बोलणार नाही, म्हैस तरीही अर्धी तुझीच राहील. पण ती परत करायची असेल तर बसने पाठवायची नाही, बसमध्ये लेन्स आदळते. मी पाठवली, कारण मी म्हातारी आहे आणि मला घाई आहे. तू रविवारी पहाटे स्वतः घेऊन ये. मिनासला मी दोन फळ्या पुसून ठेवायला सांगितलं आहे.

तुझीच, कागदावर नसलेली,
आई
(एव्हान्थिआबाई म्हणालीस तर बोटीतून ढकलीन.)