दानियलच्या नावची भाकर

२ नोव्हें., रवि.
आले: ज्वारी ५ किलो, २२५. तूरडाळ अर्धा किलो, ६५. रोहण्याहून नणंदेने संत्री पाठवली, फुकट. निम्मी डागी निघाली.
चर्चच्या मंडळीत आज मुठीचे डबे ओतले. दर स्वयंपाकाला मूठभर धान्य बाजूला काढायचं अन् महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात द्यायचं, ही सासूबाईंच्या आधीपासूनची रीत. माझा डबा चौथ्यांदा निम्माच. महिला मंडळाच्या विमलबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काऊन वं शीला, तुही मूठ लहान झाली का?" बाया हसल्या. मीही हसले. उरलेली मूठ कुठे जाते ते सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. ठरवलं आहे म्हणजे आहे.

५ नोव्हें., बुध.
राहेलमावशीकडे डबा. भाकर दोन, वांग्याची भाजी, वरण.
मागच्या गल्लीत एकटी राहते, डोळ्याने अधू. दानियल, तिचा एकुलता एक, पुण्याला. दोन वर्षांत ना पत्र, ना पैसा. मंडळीच्या मुठीतलं धान्य दिलं तर उपाशी राहील पण शिवणार नाही. "मी भीकमांगी हाओ का?" म्हणून जुलैत थाप मारली: दानियल माझ्याकडे महिन्याचे पैसे धाडतो, त्यातून डबा. तेव्हा कुठे जेवली.
आज म्हणते, "भाजीत मीठ नाई. माहा पोरगा एवढे पैसे धाडते, अन् तू मिठाची कंजुसी करतं?"
घरी ह्यांना सांगितलं. पोट धरून हसले. "मार अजून थापा."

९ नोव्हें., रवि.
उपासनेत देवाच्या उपकारांची साक्ष द्यायच्या वेळी मावशी काठी टेकत उठली. "माह्या पोरानं मले इसरलं नाई. रोज ताजी भाकर येते. देव असा पोरगा सगळ्याइले देवो."
बायांनी पदर डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांनी दानियलच्या नावाने प्रार्थना केली, लांबलचक. विमलबाई कानाशी: "पाह्य, याले म्हणतात देणं."
घरी येऊन तवा आपटला. चिमणी भुईवर पडली तरी आकाशातल्या बापाला कळतं, असं मी संडे स्कूलच्या लेकरांना शिकवलं. चार महिने उन्हातान्हात नेलेली भाकरही दिसतच असेल त्याला. मग आज भर देवळात गप्प काऊन राहिला?
लिहिलं खरं. खोडत नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
डबा उशिरा नेला. मुद्दाम. अर्धा तास.
मावशी उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, "तुले बरं नाई का वं बाई? तुह्या पायाचा आवाज नाई आला त मले घोर लागला." भुकेचं नाव काढलं नाही.
परतताना रस्ता दिसेना झाला होता मला.

२० नोव्हें., गुरु.
मावशीने पाणी भरायचा तांब्याचा गुंड विकला. तिच्या आईकडचा. तिकिटासाठी.
"नाताळले पोराकडं जातो. एवढा जीव लावते थो, मंग मी अथी काऊन मरू? आता वापस नाई येत." घरमालकाला खोली सोडते म्हणून सांगूनही बसली. पेटी भरून ठेवली आहे. वर दानियलचा लहानपणचा स्वेटर. नातवाला होईल म्हणे. नातू आहे की नाही, कोणाला ठाऊक?
मी नुसती हं हं करत राहिले.
उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, एवढंच शास्त्रात सांगितलं आहे. तिसऱ्याच्या हाताचं नाव पुढे करा, असं कुठे सांगितलं? ती अक्कल माझी. अन् मला वाटत होतं, मी गुपचूप देते.

२१ नोव्हें., शुक्र.
दानियलचा नंबर लावला. बंद. ह्यांनी तीनदा लावला. बंद.
खरं सांगायला गेले होते. "मावशी, एक गोष्ट..." एवढं झालं, तर तिने माझा हात धरून डोक्यावर ठेवला. "तुहेही उपकार हायेत वं. पोराचा पैसा हाये, पण पाय त तुहेच झिजले." डबा घासून घेऊन आले. सांगितलं नाही.
आता सांगितलं तर पोरगा जातो तिचा. नाही सांगितलं तर पुण्याच्या स्टेशनवर ती काठी टेकत कोणाला शोधणार?

२४ नोव्हें., सोम.
मावशीच्या जुन्या पाकिटावर पत्ता सापडला. पत्र रजिस्टर केलं. इथे नक्कल उतरवून ठेवते.

चि. दानियल यास,
तुझी आई २० डिसेंबरला गाडीत बसणार आहे. इथली खोली सुटली. तू तिला जेवू घालतोस अशी तिची समजूत आहे. ती मी करून दिली, चूक माझी. मंडळीत सगळे तुला भला म्हणतात. तेही माझंच खोटं. ते आता खरं करायचं की नाही, तुझ्या हातात आहे. पैसे नकोत. तिला रागावून काही लिहू नकोस, ती पत्र माझ्याकडूनच वाचून घेते. स्टेशनवर येणार असशील तर तसं लिही. नसशील तर तसं लिही, म्हणजे तिला काय सांगायचं ते मी बघेन. एक ओळ पुरे. पण उलट टपाली कळव.