दाजींचा देव्हाऱ्यातला डबा

राणीसावरगाव

आदरणीय व्यंकटराव दाजींना बन्सीधरचा नमस्कार.

आमची शिवकन्या व लेकरं मजेत असतील. तुमची प्रकृती उत्तमच असणार, कारण अधिक महिन्यात सासुरवाडीला येऊन तुम्ही पुरणाचे अकरा धोंडे पचवलेत. (मोजत नव्हतो, वाढायला मीच होतो.) आमच्याकडचं खुशाल मात्र लिहिता येत नाही. त्याला कारण, निघताना तुम्ही आईच्या हातात ठेवलेला, तुमच्या दुकानातला तो पुडीचा डबा.

"मामी, रोज दोन चमचे घ्या, साखर मुळासकट जाती. गोळ्याची गरजच न्हाई," असं तुम्ही म्हणालात. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण, असं मानणारी आमची आई. तिने डबा देव्हाऱ्यात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून शुगरची गोळी बंद केली. महिन्याभरात पायाला जखम होऊन चिघळली. गंगाखेडच्या डॉक्टरांनी तपासलं, तर साखर चारशेच्या वर. त्यांनी डबा मागवला. मी रुमालात गुंडाळून नेला (देव्हाऱ्यातली वस्तू, उघडी कशी न्यावी). त्यांनी 'मधुमेह मुळासकट जातो' ही डब्यावरची चिठ्ठी नखाने उचलली. ती कंपनीची नव्हतीच. वरून चिकटवलेली, खाली तुमच्या गल्लीतल्या छापखान्याचं नाव. मग कुंकवाचा थर पुसला. तिथे कंपनीने मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलं होतं : औषधी वापरासाठी नाही. म्हणजे ठळक होतं ते तुमचं, आणि खरं होतं ते आईच्या कुंकवाखाली.

"हे पूरक अन्न हाय. यानं आजार बरा होतो असं लिहायलाच बंदी हाय," डॉक्टर म्हणाले. मी वेड्यासारखा डब्यावरचा सरकारी नंबर दाखवला. "तो अन्न विकायचा परवाना हो. बिस्किटाच्या पुड्यावरबी असतो." दाजी, बिस्किटाचा पुडा खाऊन कुणी गोळ्या बंद केल्याचं तुम्ही ऐकलं आहे का?

राग आला की मी माळ घेऊन बसतो. या आठवड्यात चार वेळा बसलो. मणी पुढे सरकतात, राग जागचा हलत नाही. नारायण म्हणून तुमचे पाय मी धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं. आता आईच्या पायाची पट्टी बदलताना तेच आठवतं. दुकानातल्या बाकी डब्यांवरच्या चिठ्ठ्या आजच काढा. अन्न व औषध प्रशासनाला द्यायचा अर्ज लिहून तयार आहे, तारीख तेवढी घालायची आहे.

आपला (मान राखून लिहिणारा),
बन्सीधर

ता. क. : आई अजूनही गोळी घेत नाही. "जावायाचा शब्द मोडायला लावतूस का रे मला?" म्हणते. डॉक्टरचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. म्हणून रविवारी तुम्हीच या. पाय धुणार नाही.

ता. क. दुसरा : शिवकन्या फोनवर बोलता बोलता म्हणाली, शुगरची गोळी तुम्ही स्वतः रोज न चुकता घेता. ती सोबत आणा. आईसमोर बसून, तिच्याच तांब्यातल्या पाण्याने गिळा. गोळी जेवणाआधीची असेल तर जेवणही वाढतो. ज्वारीची भाकरी आहे.